हजेरी

परभणीकडं जाणारी पॅसेंजर दीड तास उशिरा होती. पूर्णेच्या फलाटावर बसून राहण्यापेक्षा मामांकडं गेलेलं बरं, म्हणून पिशवी उचलली. मामांच्या ओट्यावर स्टेशनातली घोषणा स्पष्ट ऐकू येते. नांदेडची गाडी कोणती, अकोल्याची कोणती, हे मामांना नुसत्या भोंग्यावरून कळतं.

मामा पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले. मी परिवीक्षा अधिकारी. न्यायालय एखाद्याला दोषी ठरवतं, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, तेव्हा त्याच्यावर त्याच्या गावात, त्याच्या घरी जाऊन देखरेख ठेवायची, हे माझं काम. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास खात्याकडं आहे. त्यामुळं मी गावात पाय ठेवला की बाया अंगणवाडीचं नाहीतर बालसंगोपनाच्या पैशांचं विचारतात. मी नेमकी कशासाठी आले हे चारचौघांत सांगता येत नाही. ते एका अर्थी बरंच आहे. मी ज्याच्या घरी जाते त्याची तेवढी झाकली मूठ राहते.

मामांचं आणि माझं या कामावरून कधी जमलं नाही. त्या संध्याकाळचं बोलणं मात्र माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. कुणाची ओळख पटेल असं यात काही ठेवलेलं नाही.

"आज कुणाच्या दारी जाऊन आलीस?" मामांनी विचारलं.

"एका मुलाच्या आईला भेटून आले. मुलगा ऊसतोडीला गेलाय, सांगलीकडं."

मामांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे गुन्हेगार सांगलीच्या फडात, अन् सरकारची देखरेख हितं पूर्णा तालुक्यात त्याच्या मायपाशी बसलेली. अगं माय, ह्याला देखरेख म्हनायचं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना सगळं सांगत बसले.

पोरगा तेवीस वर्षांचा. एका रात्री त्यानं एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल कापली, अडीचशे फूट. नाल्यात नेऊन जाळली. वरचं प्लास्टिक जळून गेलं की आतली तांब्याची तार मोकळी होते. आठ किलो तांबं निघालं, भंगारवाल्यानं तीन हजार हातावर ठेवले. शेतकऱ्याला नवी केबल नऊ हजारांना पडली. तीन हजारांसाठी नऊ हजारांचं नुकसान, आणि गहू पोटरीत असताना एक पाणी चुकलं ते वेगळंच. दोन वर्षं पूर्णेच्या कोर्टात तारखा चालल्या. गुन्हा सिद्ध झाला. कोर्टानं शिक्षा सुनावण्याआधी माझा अहवाल मागवला.

"अन् तू लिहिलंस, पोरगा गुणाचा आहे."

"तसं लिहीत नाही मामा. मी त्याच्या घरी गेले, पोलीस पाटलांना भेटले, शाळेत गेले, ज्याच्या ट्रॅक्टरवर तो जायचा त्या मालकाशी बोलले. दारू किती, कर्ज किती, आधीचा गुन्हा आहे का, घरात त्याचं कोण ऐकतं, हे सगळं लिहिलं. निकाल कोर्टाचा. माझा अहवाल कोर्टाला बघावा लागतो, मानलाच पाहिजे असं नाही."

कोर्टानं त्याला १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडलं. बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं आणि देखरेखीचा हुकूम दिला तर ती वर्षाच्या आत संपवता येत नाही. वर त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली शेतकऱ्याला नऊ हजारांची भरपाई.

मामांनी मान हलवली. "मंग पोरगा सुटलाच की."

हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की त्यावर आता चिडत नाही. पण ते चूक आहे असं मला मनापासून वाटतं. सुटणं म्हणजे परत कुणी न विचारणं. या पोराला दोन वर्षं कुणीतरी विचारणार आहे. नीट वागला नाही तर तेच कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा त्याला सुनावू शकतं. ती टांगती तलवार घेऊन तो झोपतो आणि उठतो.

"पहिल्यांदा अट मोडली तर दंड किती?" मामांनी डोळे बारीक केले. ते कायदा विसरलेले नव्हते.

"पन्नास रुपयांपर्यंत."

"कधीपासून पन्नास?"

"१९५८ पासून."

"तेव्हाचे पन्नास अन् आत्ताचे पन्नास एकच का?" मामा हसले नाहीत. "मी भांडत नाही तुझ्याशी. मी म्हनतो, ज्याची केबल गेली तो हे ऐकून काय समजंल?"

मी त्यांना तुरुंगाचं विचारलं. परभणीच्या कारागृहातून आरोपी काढून तारखेला कोर्टात हजर करायचं काम मामांनी कितीतरी वर्षं केलं आहे. एसटीनं, पॅसेंजरनं, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात कागदाची पिशवी. त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या बाजूनं वापरता आलं असतं. पहिल्यांदा आत गेलेलं पोरगं सहा महिन्यांत चालायचं कसं, बोलायचं कसं, सगळं बदलून येतं. जाताना मान खाली असते, येताना वर असते, आणि ती वर झालेली मान चांगली नसते. आत त्याला गुरू भेटतात. बाहेर बायको माहेरी गेलेली असते. "हे मी नाकारत नाही," मामा म्हणाले. "पन मला सांग, भीती कुठून येनार? गावाला भीती पाहिजे. आमच्या वेळी हजेरी होती. संध्याकाळ झाली की ठान्यात यायचं, अंगठा लावायचा, मग घरी जायचं. चोरी कमी व्हायची."

"कुणाची हजेरी मामा?"

ते गप्प बसले. स्टेशनातून मालगाडी गेली; तिचे डबे मोजावेत इतका वेळ लागला.

"पारध्यांची," ते शेवटी म्हणाले.

१८७१ साली इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्या कायद्याखाली माणसांची हजेरी घेतली जायची, गाव सोडायला परवाना लागायचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. कायदा गेला, सवय राहिली. मामा खात्यात आले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, तरी तालुक्यात कुठं घरफोडी झाली की पहिली जीप पालावर जायची, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलेलं आहे. तेव्हा ते अभिमानानं सांगायचे. त्या संध्याकाळी तसं सांगितलं नाही.

"हजेरीत माणूस तुमच्याकडं येतो," मी म्हटलं. "माझ्या कामात मी त्याच्याकडं जाते. त्याच्या घरात पीठ आहे का नाही ते मला दिसतं. ठाण्यात अंगठा लावणाऱ्याच्या घरातलं पीठ कुणाला दिसायचं?"

"पीठ बघून चोरी थांबती?"

"कधी कधी थांबते."

"कधी कधी," मामांनी माझाच शब्द परत केला.

मी त्यांना बॉस्टनच्या जोडे शिवणाऱ्याची गोष्ट सांगितली. जॉन ऑगस्टस त्याचं नाव. १८४१ साली कोर्टात उभ्या एका दारुड्याचा जामीन तो स्वतः राहिला. तीन आठवड्यांनी त्या माणसाला घेऊन परत कोर्टात आला, तेव्हा माणूस शुद्धीवर होता, ओळखू येत नव्हता. न्यायाधीशांनी नावापुरता एक सेंट दंड केला. मग हेच त्याचं आयुष्य झालं. १८५९ साली तो वारला, तोवर जवळपास दोन हजार माणसांची हमी त्यानं घेतली होती. सरकारी पगार नाही, हुद्दा नाही. जगात जिथं जिथं परिवीक्षा आहे, तिची गोष्ट या माणसापासून सुरू होते.

मामांना ती गोष्ट आवडली, आणि त्यांनी ती माझ्यावरच उलटवली. "त्याचं दुकान होतं, माय. तो त्या मानसाला रोज बघू शकत होता. कामाला लावू शकत होता. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' मी टुरिंग टॉकीजमदी बघितला. जेलर त्या सहा जनांबरोबर राहतो, खातो, नांगर धरतो. तू काय करतीस? महिन्यातून एकदा जातीस, वहीत लिहितीस, वर्तन समाधानकारक. समाधान कुणाचं?"

त्या चित्रपटाची गोष्ट नुसती गोष्ट नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत होती. तिथं शिक्षा झालेली माणसं भिंतीवाचून शेती करत. गदिमांनी त्यावरून कथा लिहिली, १९५७ साली चित्रपट आला. हे मी मामांना सांगितलं खरं, पण त्यानं त्यांचाच मुद्दा पक्का झाला. जवळ राहिल्याशिवाय देखरेख होत नाही, हे ते म्हणत होते, आणि ते खरं आहे. माझ्याकडं जिल्हाभर पसरलेली माणसं आहेत. त्यातच मुलांची कामं, घरगुती हिंसाचाराची कामं, बैठका. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला एसटी मिळाली तर दिवस मार्गी लागतो.

मग मी त्यांना फडाचं सांगितलं.

दसरा झाला तसा या पोराचा फोन आला. मुकादमानं उचल दिली आहे, बायकोबरोबर कोयता लागला आहे, जाऊ का? बंधपत्रात अट होती की परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही. कागद म्हणत होता थांब. पण थांबला तर खाणार काय? आणि भरपाईचे नऊ हजार आणणार कुठून? मराठवाड्यातली पुष्कळ माणसं हिवाळ्यात गावात नसतात. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं घर आणि काम एकाच जागी असलेला माणूस होता. मी आठव्या कलमाखाली कोर्टात अर्ज केला. बंधपत्राच्या अटी बदलून मागता येतात. कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, परतायचा महिना, सगळं लिहून दिलं. कोर्टानं मंजूर केलं. उचलीतून त्यानं पाच हजार कोर्टात भरले, उरलेले चार हजार संक्रांतीच्या आधी. आता दर पंधरा दिवसांनी मी फोन करते, त्याला नाही, त्याच्या बायकोला. ती खरं सांगते. परवा म्हणाली, बोटाला कोयता लागला, दोन दिवस बसून आहे, पण पीत नाही. तिच्या मागं पाचटाचा आवाज येत होता.

"म्हंजे तू त्याला तालुक्याबाहेर जायला मदत केलीस."

"हो."

"अन् उद्या तिकडून पळाला तर?"

"तर कोर्टाला मीच कळवणार. असं केलंय मी याआधी."

ते एक दुसरं प्रकरण होतं. त्या माणसावर मी विश्वास टाकला होता. तीन भेटींत तो घरी भेटला नाही, चौथ्या वेळी बायकोचा सुजलेला गाल दिसला, आणि पाचव्या वेळी त्यानं पुन्हा चोरी केल्याचं कळलं. मी कोर्टात लेखी कळवलं. त्याला आत जावं लागलं. त्या रात्री मी जेवले नाही. माझ्या अहवालावर तो बाहेर राहिला होता आणि बाहेर राहिला म्हणून त्या बाईनं मार खाल्ला होता. हे मी मामांना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी माझ्याकडं न बघता मामींना आणखी चहा टाकायला सांगितलं.

"सगळ्यांनाच सोडता येत नाही," मी पुढं म्हटलं. "फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर हा कायदाच लागू नाही. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अठरा वर्षांवरच्या माणसाला याचा फायदा नाही. लाचखोराला नाही. बेदरकार गाडी चालवून जीव घेतला तर परिवीक्षा देऊ नये असं सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगितलं. ते बरोबरच आहे. मी चोरट्यांची वकील नाही मामा. एकविसाच्या आतल्या पोराला तुरुंगात टाकायचं तर कोर्टाला कारण लिहावं लागतं. कारण लिहिताना माणूस जरा थांबतो. तेवढं थांबणं मला पाहिजे."

मामांना रेल्वेचा एक खटला माहीत होता, मला त्याचं आश्चर्य वाटलं. पूर्णा रेल्वेचं गाव. इथं कायद्याची गोष्टही रुळावरून येते. केरळमध्ये एका पॉइंट्समनला दारूच्या गोंधळात पकडलं. कोर्टानं दोषी ठरवून ताकीद देऊन सोडलं. रेल्वेनं तेवढ्यावरून नोकरीवरून काढलं. १९७५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की दोष पुसला जात नाही, पण तेवढ्या एका कारणानं, विचार न करता, कामावरून काढता येणार नाही. मामांच्या ओळखीतल्या कुणाला त्या निकालाचा आधार मिळाला होता. "त्यो मानूस पुढं नीट निवृत्त झाला," मामा म्हणाले. आपल्याच विरुद्ध साक्ष देताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

नव्या कायद्याचंही निघालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली चोरी, गुन्हा पहिलाच आणि चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. "झाडू मारताना उभं कोन राहनार?" मामांनी विचारलं. व्याख्येत एवढंच आहे की कोर्टानं सांगितलेलं, लोकांच्या उपयोगाचं, बिनपगारी काम. उभं कुणी राहायचं ते त्यात नाही. कुणीच उभं राहिलं नाही तर ती शिक्षा कागदावरच राहील, एवढं मात्र दोघांनाही दिसत होतं.

गाडीची घोषणा झाली. मी पिशवी खांद्याला लावली. मामा ओट्यावरून उठले आणि त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

"त्या पोराच्या घरी तू किती बारी गेलीस?"

"नऊ-दहा वेळा."

"अन् त्या शेतकऱ्याकडं?"

कायदा मला आरोपीची परिस्थिती, स्वभाव, घर बघायला सांगतो. शेतकऱ्याकडं जा असं कुठं लिहिलेलं नाही. पण जाऊ नको असंही कुठं लिहिलेलं नाही. मी एकदाही गेले नव्हते. पूर्णा ते परभणी अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, मिरखेल गेलं, पिंगळी गेलं, मी खिडकीतून बाहेरच बघत होते. दर दोन शेतांनंतर एक विहीर, विहिरीवर पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप.

पुढच्या आठवड्यात मामांच्याच मोटारसायकलवर मागं बसून गेले. काळी माती, गहू पुन्हा पोटरीत आलेला. शेतकरी साठीचा. त्यानं आधी मला मोटारीपाशीच नेलं. केबल आता जमिनीखालून, पाइपातून घेतली होती आणि पाइपाच्या तोंडाशी सिमेंट ओतलं होतं. पेटीला दोन कुलुपं. किल्ल्या करगोट्याला.

"लाइट नव्हती त्या रात्री," तो म्हणाला. "लाइट नसती तवाच कापतेत. मी सकाळी आलो तं नुसतं बुंधं राहिलेलं."

पैसे मिळाले का, असं मी विचारलं. कोर्टातून मिळाले, सही केली, म्हणाला. मग मी विचारलं, तुम्हाला अजून काही म्हणायचं आहे का. इतक्या वर्षांत हे त्याला कुणीच विचारलेलं नव्हतं. तो बराच वेळ धुऱ्याकडं बघत राहिला.

"एकच इचारायचंय त्याला. ह्या वाटंनं सात मोटारी हायती. माझीच का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. उत्तर मला माहीत होतं. पोरानंच ते मला सांगितलं होतं, तिसऱ्या भेटीत, जमिनीवर काडीनं रेघा ओढत. ते माझ्या अक्षरात कोर्टाच्या पाकिटात होतं, आणि सातव्या कलमानं ते पाकीट गोपनीय होतं. मला ते माझ्या तोंडानं सांगता येत नव्हतं.

"तो मार्चला परत येईल," मी म्हटलं. "त्याला विचारते, तुमच्यासमोर बसून तुम्हाला सांगायची तयारी आहे का. जबरदस्ती करता येणार नाही."

"येईल का?"

"विचारते."

पेटीतला हिरवा दिवा लागला. लाइट आली होती. शेतकऱ्यानं बटण दाबलं, मोटार घरघरली, पाइपातून आधी हवा आली आणि मग पाणी. धोतर वर खोचून, खोरं घेऊन तो दारं धरायला गेला. मामा विहिरीच्या काठावर तसेच उभे होते.